पावणेसात, टपरीवर

आमच्या बिल्डिंगला दोन गेट आहेत. एक मोठं, मेन रोडवरून, तिथे केबिन, बॅरिअर, कॅमेरा, येणाऱ्याची एन्ट्री सगळं आहे, आणि दुसरं मागच्या गल्लीतून, लोखंडी, अर्धं कायम उघडंच, त्यातून स्कूटर, भाजीच्या पिशव्या, शाळेची पोरं, दिवसभर ये-जा. मोठं गेट सेल विंगचं, मागचं रिहॅब विंगचं. मुंबईत झोपडपट्टीच्या जागेवर उभे राहिलेले टॉवर ज्यांनी पाहिलेत त्यांना हे काही नवीन नाही, आधीपासून त्या जमिनीवर जे राहत होते त्यांना एका विंगमध्ये २६९ चौरस फुटांची घरं मिळाली, आणि उरलेल्या जागेवर बिल्डरने जे बांधलं ते आमच्यासारख्यांनी वीस वर्षांचं लोन काढून घेतलं. मध्ये भिंत. भिंतीवर वेल चढवलेत, छान फुलं येतात त्याला, पण भिंत ती भिंतच.

आणि दोन्ही गेटांच्या बरोबर मधल्या कोपऱ्यावर एक चहाची टपरी आहे. ती ना यांची ना त्यांची. आज जे लिहायचंय ते या टपरीवर रविवारी सकाळी पावणेसातला जमणाऱ्या माणसांबद्दल.

आधी माझं सांगते. मी २०१९ मध्ये भांडुपला राहायला आले. त्याच्या आधी अकरा-अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट करत डोंबिवली, कळवा, मुलुंड असं फिरून झालं होतं, त्यामुळे शेजार म्हणजे काय हे मी जवळजवळ विसरलेच होते, सामान उघडायचं आणि परत बांधायचं. इथे स्वतःचं घर झालं तरी ऑफिसमध्ये कोणी विचारलं कुठे राहतेस तर मी सांगायचे, मुलुंडच्या जवळ. भांडुप म्हणायला जीभ रेटायची नाही. घर माझ्या नावावर होतं, पण गाव माझं नव्हतं, असं काहीतरी. मग लॉकडाऊन आला आणि दोन वर्षं तर आम्ही एकमेकांचे चेहरे मास्कच्या वरूनच पाहिले, समोरच्या घरातल्या काकूंचं नाक कसं आहे हेसुद्धा मला माहीत नव्हतं.

२०२२ च्या फेब्रुवारीत आमच्या कमिटीने पिकनिक काढली. कर्जतच्या बाजूचं एक रिसॉर्ट, एसी बस, माणशी चौदाशे. ज्यांनी काढली त्यांनी खरंच मनापासून केलं होतं, त्यांना मी नावं ठेवत नाही, पण झालं काय, बसमध्ये प्रत्येक जण आपापल्या बायको-नवऱ्याशेजारी बसला, पोरं आपापल्या आईच्या फोनवर, तिथे गेल्यावर प्रत्येक फॅमिलीने आपापलं टेबल धरलं, एका काकांनी माइकवर अंताक्षरीचा खूप प्रयत्न केला, आणि रात्री नऊला आम्ही जसे गेलो तसेच परत आलो, लिफ्टमध्ये सगळे परत मोबाइलमध्ये. दिवसभर एकत्र होतो आणि मला एकही नवीन नाव कळलं नाही. आणि पिकनिकचा मेसेज फक्त ओनर्सच्या ग्रुपवर गेलेला, म्हणजे भाड्याने राहणारे त्यात नव्हते, आणि भिंतीपलीकडचे तर नव्हतेच. त्या दिवशी हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं, याचं मला आज जास्त वाईट वाटतं.

सुरुवात झाली ती मासळीवरून. टपरीच्या बाजूला संध्याकाळी एक मावशी पाटी घेऊन बसतात, रिहॅब विंगमधल्याच, आगरी, त्यांचे वडील इकडच्याच मिठागरात कामाला होते. मी बोंबील घेत होते आणि बरोबर माझी मुलगी, तेव्हा दुसरीत, तिला शाळेत पक्ष्यांवर प्रोजेक्ट होता आणि तिला फ्लेमिंगोच पाहिजे होता. मी म्हटलं, नेटवरून फोटो काढू. मावशी बोंबील साफ करता करता म्हणाल्या, "फोटो कशाला मॅडम, ते पंपिंगला आलेत की. चालत जाता येतं." पंपिंग म्हणजे खाडीकडचं भांडुप पंपिंग स्टेशन.

चालत. मी तीन वर्षं तिथे राहत होते, फ्लेमिंगो बघायला लोक गाड्या काढून लांबून येतात हे मला बातम्यांत वाचून माहीत होतं, आणि ते माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होते. मी म्हटलं, तुम्ही याल का दाखवायला? मावशी म्हणाल्या, रविवारी येते, पण किती वाजता ते पानी बघून सांगते.

आणि मग त्यांनी माझ्यासमोर बोटं मोजली. हे मला आयुष्यभर लक्षात राहील. तिथीला तीनाने गुणायचं आणि चाराने भागायचं, जे येईल ती भरतीची वेळ. त्या रविवारी पंचमी होती, पाच त्रिक पंधरा, पंधराचा चौथा भाग पावणेचार, म्हणजे पहाटे पावणेचारला भरती, तिथून सहा तासांनी ओहोटी, म्हणजे पावणेदहाला पाणी पार आत. खाडी असल्यामुळे थोडं मागे-पुढे. "पन पार ओहोटीला जाऊन उपयोग नाय," मावशी म्हणाल्या, "पानी लांब गेलं का ते पन लांब जातान चिखलात. पानी उतरता उतरता जायचं." म्हणून पावणेसात. ही वेळ आम्ही कुठल्या मीटिंगमध्ये ठरवलेली नाही, ती मावशींच्या बोटांवर ठरली.

पहिल्या रविवारी आम्ही पाच जण होतो. मी, मुलगी, मावशी, मावशींचा नातू, आणि टपरीवर चहा प्यायला आलेले एक काका, ते "कुठं चाललात" म्हणून विचारून आमच्याबरोबर निघाले. डिसेंबर होता, जरा गारवा. पूर्वेला उतरून हायवेपर्यंत रिक्षा, पुढे पायी. एकदा का हायवेचा आवाज मागे पडला की वाटतच नाही आपण मुंबईत आहोत, दोन्ही बाजूंना जुनी मिठागरं, मग तिवरांची दाट रांग, चिखलातून वर आलेली त्यांची मुळं, बोटभर उंचीची, हजारो, जणू कोणी पेन्सिली टोचून ठेवल्यात. मुलीने विचारलं ही मुळं उलटी का आहेत. मावशींचा नातू, चौथीतला, म्हणाला, ती श्वास घेतात, चिखलात हवा नसते ना. त्याला हे कोणी शिकवलं तर आजीने.

आणि मग ते दिसले. आधी आवाज आला, बदकांचा असतो तसा सततचा गलका, आणि मग उतरत्या पाण्याच्या कडेला गुलाबी पट्टा. आम्ही जरा पुढे गेलो तर एकेक वेगळा दिसायला लागला. मान खाली, चोच पूर्ण उलटी करून पाण्यात, म्हणजे वरची बाजू खाली, आणि पाय एका जागी तुडवल्यासारखे चालवत चिखल ढवळायचा, मग चोचीतून ते पाणी गाळून शेवाळ आणि बारीक जीव खायचे. रंगही त्या खाण्यातूनच येतो, पिल्लं राखाडी असतात. आपल्याकडे याला रोहित म्हणतात, अग्निपंखही म्हणतात, आणि आमच्या खाडीत दोन जातीचे येतात, मोठे आणि धाकटे, त्यातले धाकटे जास्त गुलाबी. ठाणे खाडीचा हा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ मध्ये रामसर यादीत आला, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांमध्ये. हे सगळं मी नंतर वाचलं. त्या सकाळी मी फक्त उभी होते. माझा पाय घसरला तेव्हा मागून मावशी ओरडल्या, "अगं ए, बघ कुठं पाय टाकतेस!" तीन वर्षं त्या मला मॅडम म्हणत होत्या. त्या दिवसानंतर मॅडम परत कधी ऐकलं नाही.

पुढच्या रविवारी परत जाऊ म्हटलं तर मावशी म्हणाल्या, नको, त्या दिवशी त्याच वेळेला पाणी भरलेलं असेल. बरोबर आहे, भरती रोज पाऊण-एक तास पुढे सरकते, म्हणजे आठवड्याने चित्र उलटं. मग त्या रविवारी काय करायचं? तिथून दुसऱ्या जागा सुरू झाल्या. एक रविवार खाडी, एक रविवार दुसरं कुठेतरी. आज तीन वर्षांनी आम्ही कधी पाच असतो, कधी बावीस. ग्रुपचं नाव "पावणेसात", त्यात ओनर, भाडेकरू, दोन्ही विंग, टपरीवाला, सगळे आहेत आणि त्यात गुड मॉर्निंगचे फोटो टाकायचे नाहीत एवढाच नियम आहे.

बाकी गोष्टी आपोआप ठरत गेल्या. लांब जायचं नाही, लोकलने जाता येईल तिथेच जायचं, दहा-पंधरा रुपयांच्या तिकिटात, म्हणजे येऊ का नको हा प्रश्न पैशावरून कोणाला पडायला नको. डबा घरून. आणि अकराच्या आत परतीच्या गाडीत बसायचं कारण बऱ्याच रविवारी मेन लाइनवर मेगाब्लॉक असतो, म्हणजे रुळांच्या कामासाठी काही ट्रॅक बंद, आणि एकदा तो सुरू झाला की लहान मुलं घेऊन फास्ट ट्रॅकवरच्या गाड्यांच्या गर्दीत उभं राहणं म्हणजे दिवसभराचा आनंद तिथेच संपला.

लोकलबद्दल मला थोडं जास्तच बोलायचंय. एसी बसने जे केलं नाही ते लोकलने केलं, आणि का केलं हे मला बरेच दिवसांनी समजलं. बसमध्ये तुम्ही जोडीने बसता. लोकलमध्ये बायका लेडीज डब्यात जातात, पुरुष जनरलमध्ये, पोरं ज्याच्या हाताला लागतील त्याच्याबरोबर, आणि आत शिरल्यावर जिथे जागा मिळेल तिथे. फॅमिली आपोआप सुटी होते. म्हणजे सेल विंगच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनी, एरवी फर्स्ट क्लासच्या पासवाल्या, त्यांच्या मांडीवर मागच्या विंगमधलं कोणाचं तरी बाळ, आणि समोर उभ्या असलेल्या मावशी तिघांच्या बाकावर चौथ्या सीटसाठी कोणाला सरकायला सांगायचं ते बघतायत. कांजूर, विक्रोळी, घाटकोपर येईपर्यंत त्या बाळाचं नाव, त्याला कुठलं दूध चालत नाही, त्याच्या आईची बदली कुठे झाली, सगळं कळलेलं असतं. हे कोणी "चला ओळख करून घेऊया" म्हणून झालेलं नाही. झालं कारण बाळ जड होतं आणि कोणाला तरी द्यायचं होतं.

आता काकांबद्दल. पहिल्या दिवशी टपरीवरून आमच्याबरोबर निघालेले तेच. सेल विंगमध्ये मुलाकडे राहतात, सत्तरीच्या आसपास. बिल्डिंगमध्ये त्यांचं नाव खराब होतं, खरंच सांगते, सगळे म्हणायचे भांडखोर माणूस आहे, लिफ्टमध्येसुद्धा ओरडून बोलतो, वॉचमनवर ओरडतो, मुलांवर ओरडतो. माझी मुलगी त्यांना बघून लिफ्ट सोडून द्यायची. २०२३ मध्ये एका रविवारी काका म्हणाले, तुम्ही सगळीकडे जाता, एकदा माझ्या गावाला चला. आम्हाला वाटलं गाव म्हणजे सिंधुदुर्ग. ते म्हणाले, चिंचपोकळी.

चिंचपोकळीला उतरलो आणि काका पुढे, आम्ही मागे. लालबागचा मसाला बाजार, चिवडा गल्ली, हे आम्हाला माहीत होतं, पण काका दुकानांकडे बघतच नव्हते, ते वर बघत होते. इथे गिरणीची चिमणी होती, तिथे चिमणी होती, ती जी एक उभी आहे ना टॉवरच्या मागे, ती. काका गिरणीत साचेखात्यात होते, म्हणजे जिथे कापड विणायचे माग चालतात तिथे. आधी बदली म्हणून लागले, म्हणजे रोज सकाळी गेटवर जाऊन उभं राहायचं, कोणी कायमचा कामगार आला नसेल तर त्याच्या जागी आत, नाहीतर घरी. पहिली पाळी सकाळी सातला, दुसरी साडेतीनला, तिसरी रात्री बाराला, आणि प्रत्येक पाळीला भोंगा. एका चाळीसमोर थांबून त्यांनी दुसऱ्या मजल्यावरची खोली दाखवली, दहा बाय बारा, त्यात चौदा माणसं राहायची, कारण सगळी एका वेळेला कधीच घरी नसायची, एक पाळी उठली की तिच्याच चटईवर दुसरी झोपायची. जेवण खाणावळीत, एका बाईकडे, महिन्याच्या पैशांवर. या खाणावळवाल्या बायकांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, हे आमच्यातल्या एका वहिनींना माहीत होतं, त्यांनी सांगितलं तर काका थांबले आणि म्हणाले, हो, आमची बाई होती त्यात, बँकेचं कर्ज मिळालं तिला, पहिल्यांदा.

मग १८ जानेवारी १९८२. गिरण्यांचा तो संप तर सगळ्यांना माहीत आहे, अडीच लाख कामगार, डॉक्टर दत्ता सामंत. काकांनी त्याबद्दल फार सांगितलं नाही. एवढंच म्हणाले की त्या वर्षी गावाहून तांदूळ यायचा, तो तीन घरांत वाटून घ्यायचो.

आणि मग माझ्या मुलीने विचारलं, सरळच विचारलं, काका तुम्ही एवढ्या जोरात का बोलता? आम्ही सगळे एकदम गप्प. काका हसले. म्हणाले, "बाळा, साचेखात्यात तीनशे-चारशे साचे एका वेळेला चालायचे. शेजारचा माणूस कानात ओरडला तरी ऐकू यायचं नाही. वीस वर्षं तिथे काढली. मला वाटतं मी हळूच बोलतोय." मग त्यांनी दाखवलं, आत बोलायचे कसे, हातांनी आणि ओठांनी. अंगठा ओठाला लावून मूठ वर, चहा. दोन बोटं जवळ आणून एकदम लांब, धागा तुटला. तळहात उलटा करून मनगटावर टिचकी, पाळी संपली. लालबागच्या फुटपाथवर सात-आठ पोरं उभी राहून हे शिकत होती आणि येणारे-जाणारे थांबून बघत होते.

त्या दिवसानंतर बिल्डिंगमध्ये कोणी त्यांना भांडखोर म्हटल्याचं माझ्या कानावर आलेलं नाही. लिफ्टमध्ये ते मोठ्याने बोलले की आता लोकही त्यांच्याशी मोठ्याने बोलतात.

सगळं असं छानच झालं असं नाही. एक चूक माझ्या हातून झाली ती लिहिते.

त्याच वर्षी डिसेंबरात आम्ही कान्हेरीला गेलो. नॅशनल पार्कचा डोंगर आमच्या खिडकीतून दिसतो, पण गेट बोरिवलीला, त्यामुळे दादरला गाडी बदलून पूर्ण वळसा. आतल्या बसने वर, आणि मग पायऱ्या. शंभरावर लेणी आहेत तिथे, काळ्या बसाल्टमध्ये, साधारण इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपास सुरुवात आणि पुढे हजार वर्षं माणसं तिथे राहत होती. मला तिथे सगळ्यात आवडतात त्या पाण्याच्या पोढ्या, जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या दाराशी खडकात कोरलेलं टाकं, पावसाचं पाणी वरून कोरलेल्या पन्हळीतून त्यात येणार. आणि शिलालेख, कोणी पोढी दिली, कोणी लेणं दिलं, कल्याणचे, सोपाऱ्याचे, चौलचे व्यापारी, साधी घरातली माणसं, भिक्षुणी. आमच्याबरोबर तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणारं एक नवीन जोडपं होतं, अमरावतीकडचं, ती मुलगी पाटीवरची एकेक ओळ वाचत होती आणि म्हणाली, "इथं तर सगळ्यांची नावं लिहून ठेवली हो. मला मुंबईत येऊन आठ महिने झाले, डिलिव्हरीवाल्याशिवाय कोणाला माझं नावच माहीत नाही." त्या दिवशी आम्ही तिला येता-जाता नावाने हाक मारली, मुद्दाम.

पण चूक अशी की आमच्यात सातशे चारच्या काकू होत्या, गुडघे दुखतात त्यांचे. तिसऱ्या लेण्यापर्यंत आल्या, तो मोठा चैत्य, आणि म्हणाल्या, तुम्ही व्हा पुढे, मी बसते. आणि आम्ही झालो पुढे. वीस माणसं. सगळ्यांना वाटलं कोणीतरी थांबलंय. दीड तासाने परत आलो तर काकू पायरीवर एकट्या, माकडांनी पिशवी ओढून नेलेली, डबा खाली पालथा. काकू काही बोलल्या नाहीत. परतीच्या गाडीत उलट पोरांना चिक्की दिली. पण पुढच्या रविवारी आल्या नाहीत, त्याच्या पुढच्याही नाहीत, आणि आम्ही गुडघे, गुडघे म्हणत राहिलो. तीन महिन्यांनी मी वर गेले त्यांच्याकडे. चहा केला त्यांनी, इकडचं तिकडचं झालं, मग म्हणाल्या, "मला एकटीने बसायचं काही नाही गं. घरी पण एकटीच बसते. पण मग घरीच बसले असते ना."

मला उत्तर सुचलं नाही. मी त्यांचा हात धरला आणि सॉरी म्हटलं, आणि ते पुरेसं नव्हतं हे मला तेव्हाही कळत होतं.

तेव्हापासून "तुम्ही व्हा पुढे" असं कोणी म्हटलं की दोन जण तिथेच बसतात, पाळीपाळीने, ठरवून. आणि त्यानंतरची पहिली जागा काकूंच्या गुडघ्यांनी ठरवली, राणीबाग. भायखळ्याला उतरून चालत, सगळं सपाट, दर पन्नास पावलांवर बाक. काकू लहानपणी परळला राहायच्या, राणीच्या बागेत दर सुट्टीत यायच्या, आता ती वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. पोरं पेंग्विनकडे पळाली आणि काकू आम्हाला म्युझियमच्या बाजूच्या दगडी हत्तीकडे घेऊन गेल्या. हा हत्ती घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा नाव दिलं. इंग्रजांनी तो इंग्लंडला न्यायचा म्हणून उचलायला घेतला, त्यात त्याचे तुकडे झाले, मग ते तुकडे इकडे आणून परत जोडून उभा केला. जवळून पाहिलं तर सांधे दिसतात. काकूंनी एका सांध्यावर बोट ठेवलं, हा मला लहानपणापासून माहीत आहे म्हणाल्या, माझे वडील दाखवायचे. त्या दिवशी आम्ही दोन तासांत फक्त हत्ती आणि चार बाक एवढंच बघितलं, आणि माझ्या मते ती आमची सगळ्यात चांगली फेरी होती.

आता मला कोणी विचारलं कुठे राहतेस तर मी भांडुप सांगते, आणि समोरचा थांबला तर पुढेही सांगते की १८४३ मध्ये जॉर्ज क्लार्क नावाचा सरकारी चीफ इंजिनिअर भांडुपला आला होता, तेव्हा त्याच्या डोक्यात मुंबईपासून ठाण्यापर्यंत आणि पुढे घाटापर्यंत रेल्वे न्यायची कल्पना आली, आणि दहा वर्षांनी १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली. माझ्या ऑफिसमधल्या सगळ्यांना हे आता पाठ आहे.

भिंत आहे तिथेच आहे. सोसायट्या दोन, गणपती दोन, पोडियमवरचं गार्डन अजून फक्त सेल विंगचं, आणि त्यावरून मीटिंगमध्ये मी दोनदा बोलले, दोन्ही वेळा विषय पुढे ढकलला गेला, तिसऱ्यांदाही बोलणार आहे. पण संध्याकाळी आमच्या गॅलरीत उभं राहिलं की दिसतं, माझी मुलगी पोडियमच्या कठड्याशी आणि मावशींचा नातू पलीकडे चौथ्या मजल्याच्या खिडकीत, दोघं एवढ्या लांबून हातवारे करत असतात. दोन बोटं जवळ आणून एकदम लांब. मनगटावर टिचकी. मध्ये नवीन खुणाही घातल्यात त्यांनी, अभ्यास झाला, खाली ये, आई ओरडतेय. एक खूण मला अजून कळलेली नाही आणि दोघंही सांगत नाहीत.

गेल्या महिन्यातली गोष्ट. रविवारी आम्ही टपरीवर जमलो होतो तर मोठ्या गेटवरचे नाइट ड्यूटीचे वॉचमन दादा चहाला आले. परभणीकडचे आहेत, चार वर्षांपासून आमच्यासाठी बॅरिअर वर करतायत, आम्ही निघालो की दर वेळी हात करतात. त्या दिवशी म्हणाले, "ताई, मी पण आलो असतो एखाद वेळी. पण माझी ड्यूटी सातला सुटते." सहज म्हणाले, तक्रार म्हणून नाही, आणि ग्लास ठेवून परत केबिनकडे गेले.

कोणीच काही बोललं नाही. तीन वर्षं आम्ही त्यांच्या समोरून पंधरा मिनिटं आधी निघून जात होतो. मग मावशी म्हणाल्या, "मंग सव्वासात करा नं. काय जातंय?" काकांनी लगेच हिशोब केला, म्हणजे सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा, सव्वासातला निघालो तरी अकराच्या आत परत गाडीत बसता येतं, खाडीचं पाणी बघून रविवार निवडू. तिथेच ठरलं. ग्रुपचं नाव पावणेसातच ठेवलंय, मुलांनी बदलू दिलं नाही.

या रविवारी एकादशी आहे. अकरा त्रिक तेहतीस, त्याचा चौथा भाग सव्वाआठ, म्हणजे सव्वाआठला भरती, खाडीचा काही उपयोग नाही. म्हणून सीएसएमटीला उतरून चालत मरीन ड्राइव्हला जायचं ठरलंय, वॉचमन दादांनी अजून ते दिवसा पाहिलेलं नाही. मावशींनी आधीच सांगून ठेवलंय की भांगाचं पानी हाय, म्हंजे भरती कमीच, लाटा काय उडायच्या नाय, पन भरलेलं असंल. काकूंसाठी दोन जण कठड्यावर बसणार आहेत, त्यातली एक पाळी माझी. मी थालीपीठं करणार आहे. सव्वासात, टपरीवर.